बंद दाराआड झोडलेली गादी

माझ्या मुलीचा दम संध्याकाळी वाढायचा. दिवसभर शाळेत ठणठणीत, आणि घरी येऊन दप्तर टाकलं की तासाभरात छातीत शिट्टी. आता बोला! जिथं माणसाला बरं वाटायला हवं त्या घरातच माझी पोर गुदमरत होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "घरातली धूळ कमी करा. तिची झोपायची खोली आधी बघा. नाहीतर पुढच्या खेपेला ॲडमिट करावं लागेल."

मग काय, कंबर कसली. पडदे काढले, मऊ खेळणी माळ्यावर टाकली, कोरडा झाडू बंद करून सगळं ओल्या फडक्यानं पुसायला लागले. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगसमोर रस्ता खणून ठेवला होता, त्याला येता-जाता शिव्या घातल्या. नवरा म्हणाला, "अगं, रस्त्याला काय ऐकू येतंय?" त्यालाही दोन ऐकवल्या. एवढं करून पोरीचा दम कमी व्हायचा सोडून वाढलाच. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडते, असा माझा स्वभाव.

मुलगी झोपायची माझ्या सासूबाईंजवळ, त्यांच्या खोलीत. सासूबाई जूचंद्र गावच्या, भातशेतीच्या घरातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या, त्या आपली कापसाची जाड गादी घेऊनच. फोमवर त्यांची पाठ धरते. आणि नातीला आजीच्या कुशीशिवाय झोप लागत नाही.

एकदा ऑफिसातली वीज गेली म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. लॅच उघडून घरात आले तर आतून आवाज, धप्, धप्, धप्. खोलीचं दार बंद. मला वाटलं, चोरबीर शिरलाय की काय! दार ढकललं.

गादी पलंगावर उभी करून, पदर नाकाला गुंडाळून, सासूबाई तिला काठीनं झोडपत होत्या. खिडकी घट्ट लावलेली. काचेतून आलेल्या उन्हात धूळ, बाप रे, पिठाच्या गिरणीत उडावी तशी नुसती उडत होती. मुलीच्या उशीवर, तिच्या पांघरुणावर, सगळीकडे.

"आई! अहो, काय करताय हे?"

त्या दचकल्या. "गादी झोडते. डॉक्टर बोलला ना, पोरीला धूल नको म्हनून? आधी कधीतरी झोडायची. आता रोज झोडते."

"रोज? घरात?"

"मंग कुठं? गावाला आंगनात झोडायचो. हितं गॅलरीत झोडली तर खालची बाई भांडायला आली, तिच्या कपड्यांवर धूल परते म्हनून. मंग खिडकी लावते, दार लावते. कोनाला तरास नको. जी काय धूल हाय ती मीच खाते."

रोज! डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज! आणि ती धूळ खाली बसते न बसते तोवर पोर शाळेतून येऊन याच पलंगावर लोळणार. मी ओरडलेच, "अहो, बंद खोलीतली धूळ जाणार कुठे? इथंच राहते! तिच्याच नाकात जाते! म्हणून तर तिचा दम वाढलाय!"

त्यांनी काठी खाली ठेवली. नाकावरचा पदर हळूच काढला.

"म्हनजे मी? माझ्या हातानं?"

मी खिडकी उघडली. दोघींनी मिळून गादी गच्चीवर नेली. खोलीचा कोपरान् कोपरा ओल्या फडक्यानं पुसला, चादरी गरम पाण्यात टाकल्या. माझा राग कधीच उतरला होता, पण ते त्यांना सांगायचं कसं, कळेना.

संध्याकाळी मुलगी आली, "आजी, आजी" करत आत धावली. सासूबाई डोक्यावरून न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. पोरीनं नेहमीसारखे हात पसरले. त्या मागे सरकल्या, पार भिंतीला टेकेपर्यंत.

"जवल नको येव गं बाय," त्या म्हणाल्या, "माझ्या अंगाला धूल हाय."