सोयऱ्याच्या धोतरावर विमान उतरवलं तेव्हा

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. माणसानं कागदावर लिहावं, फळ्यावर लिहावं, फार झालं तर भिंतीवर लिहावं. मी कुठं लिहून बसलो, ऐकाच.

तुम्हाला माहीत आहे, मी इथं गोंदियाला हायस्कुलात गणित शिकवतो. पण ते पोटासाठी. खरा मी पायलट! हसू नका. डोळ्यांवर तो व्हीआरचा काळा डबा चढवला, कानांवर हेडफोन लावले, की मी आमच्या दिवाणावर नसतोच. समोर काचा, खाली ढग, ढगांखाली धानाच्या बांध्या. मान वळवाल तिकडे आकाश. बायको म्हणते, मान वळवाल तिकडे घरातली कामं असतात, पण ती काही त्या डब्यात दिसत नाहीत.

आता यात एक मोठी अडचण. विमान चालवायचं म्हणजे सारखं लिहावं लागतं. टॉवरवाला सांगतो, वारा अमुक दिशेनं, धावपट्टी तमुक, इतक्या उंचीवर या. हे लक्षात कसं ठेवणार? आमचा टॉवर म्हणजे नागपूरचा माझा मित्र विक्की. तो इंटरनेटवरून हेडफोनमध्ये सूचना देतो आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं की हिंदीत माझं खानदान काढतो. लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि लिहायचं कसं? डब्यातून विमान दिसतं, स्वतःचा हात दिसत नाही!

खरे पायलट मांडीला पॅड बांधतात. मीही सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून परीक्षेचं पॅड मांडीला बांधून पाहिलं. पाय असा बधिर झाला की विमान उतरलं, पण मला उतरता येईना. मग नवी युक्ती काढली. उजव्या हाताला लोड, लोडावर पॅड, हातात जाड काळा मार्कर. डाव्या हातानं विमानाचा दांडा धरायचा, उजव्या हाताची करंगळी पॅडच्या कडेला टेकवून आंधळेपणानं लिहायचं. ओळीवर ओळ चढायची, वारा उंचीत घुसायचा. पण मला माझं अक्षर लागायचं. अहो, नववीचे पेपर तपासणाऱ्याला काय लागत नाही?

तर त्या दिवशी आमच्या मयुरीला पाहायला सोयरे येणार होते. मयुरी माझी धाकटी बहीण. पाहायला म्हणजे काय, नावापुरतंच. मुलगा निलेश तिच्यासोबत फार्मसीला होता, केशोरीला त्याचं औषधाचं दुकान. दोघांनी आपापल्या घरची मंडळी मनवता मनवता जीव काढला होता. आता फक्त त्याच्या आईवडिलांनी आमचं घर पाहायचं आणि हो म्हणायचं बाकी. आमचे बाबा नाहीत, त्यामुळे घरचा कर्ता पुरुष मी. मयुरीनं सकाळीच मला दम दिला होता, "दादा, आज शहाण्यासारखा वाग. हात जोडते तुला."

सोयरे येणार होते दुपारी. आई नागऱ्याच्या महादेवाला नारळ फोडायला गेली. मयुरी आतल्या खोलीत तयारीला. बायको, सुषमा, स्वयंपाकघरात भज्यांच्या पिठात. मी अंघोळ करून, नवीन शर्ट घालून बैठकीत बसलेलो. म्हटलं, वेळ आहे. आपल्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीवर एकदा विमान उतरवून घेऊ. पाहुण्यांसमोर चेहऱ्यावर जरा तेज राहील.

झालं काय, की मंडळींना केशोरीजवळच्या अर्जुनीहून सकाळचीच गाडी मिळाली.

पुढचं मला नंतर कळलं, पण क्रमानं सांगतो. दार उघडंच होतं. निलेशचे वडील म्हणजे मामाजी, आई म्हणजे मामीजी आणि मागून निलेश, असे तिघं आत आले. मामाजींनी मोठ्यानं रामराम घातला. माझ्या कानांवर हेडफोन! मी मान वर केली, खाली केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ढगांत धावपट्टी शोधत होतो हो! त्यांना काय दिसलं? डोळ्यांना काळं बांधलेला एक माणूस, आवाज कुठून आला ते चाचपडून पाहतोय आणि उत्तर काही देत नाही.

मामाजींनी मोठ्या मनानं परिस्थिती समजून घेतली. लोड आणि पॅड हळूच बाजूला सरकवलं आणि माझ्या उजव्या हाताला मांडी घालून बसले. मामाजींचं धोतर म्हणजे काय सांगू! केशोरीकडचा धानवाला माणूस, भाताच्या पेजेची खळ दिलेलं, पांढरंफेक, कडक. अशा धोतराला कागदानंही रामराम करावा.

इकडे हेडफोनमध्ये विक्की सुरू झाला. वारा, उंची, धावपट्टी! मी उजवा हात टाकला. करंगळीला धोतराची कडक घडी लागली. म्हटलं, आली पॅडची कड. आणि सुरू!

तुम्ही म्हणाल, खाली मांडी होती, मऊ लागलं नाही का? अहो, खाली रोज लोडच असतो! लोड तरी काय टणक असतो? आणि विमान ढगात असताना लोड जरा गरम लागतोय, हा विचार कोणाच्या डोक्यात येतो?

मी लिहितोय. मामाजी हूं की चूं करत नाहीत. उलट माझी दुसरी ओळ पहिलीवर चढायला लागली तेव्हा त्या देवमाणसानं माझं मनगट धरून हात अलगद खालच्या कोऱ्या जागेवर नेऊन ठेवला. मी मनात म्हटलं, वा प्रमोदराव, आज हात कसा आपोआप सरकतोय!

विमान मात्र काही सरळ येईना. धावपट्टी सुटली, मी शेजारच्या बांधीत घुसलो आणि हेडफोन कानांवरून सरकवून ओरडलो, "मेलो!"

तेव्हा बैठकीतले आवाज पहिल्यांदा कानात शिरले.

"अगा माय! काय होऊन राहिलं जी याले?" बाईमाणसाचा आवाज.

"गप राह्य," पुरुषाचा आवाज, अगदी माझ्या खांद्याजवळून. "डोळे नाईत बिचाऱ्याले. तरी लिवाचा सराव करून राहिला. हिंमत पाह्य त्याची."

त्या डब्याला नाकाजवळ एक फट असते. मी त्या फटीतून खाली पाहिलं. माझ्या मार्करच्या टोकाखाली पांढरंशुभ्र धोतर होतं. त्यावर गुडघ्यापासून मांडीपर्यंत वारा, उंची आणि धावपट्टी, सगळं माझ्या अक्षरात. धोतराच्या टोकाला अनोळखी पाय. त्याच्या पलीकडे जोडवी घातलेले पाय. आणि दाराजवळ तरुण पाय, ते मात्र गदगदा हलत होते. निलेश हसू दाबत होता!

आता सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? डबा काढला असता, पाय धरले असते, माफी मागितली असती, दोन मिनिटांत विषय संपला असता. मीही तेच करणार होतो. पण मामाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नको बाबू. धोतराचं काय, धुतलं का साफ. तुले दिसत असतं तं तू कायले लिवला असता?"

असं आयतं निमित्त कोणी ताटात वाढून दिलं तर सोडवतं का? मला नाही सोडवलं. मी डबा काढला, डोळे छताला लावले आणि अत्यंत करुण आवाजात विचारलं, "कोण आलं जी?"

तेवढ्यात सुषमा पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. पाहुण्यांना पाहून दचकली, धोतर पाहून आणखी दचकली आणि माझे छताला लागलेले डोळे पाहून तिनं ओठ आवळले. हे ओठ मी ओळखतो.

मामीजींनी हळहळून विचारलं, "काऊन व, यायले कधीपासून दिसत नाई?"

मला वाटलं, संपलं. पण माझी बायको! ग्लास ठेवत शांतपणे म्हणाली, "लग्न झालं तेव्हापासून पाहते मामीजी. यांना काहीच दिसत नाही. सिलिंडर संपलेला दिसत नाही, बाजाराची पिशवी दिसत नाही, दोन वर्षांपासून गळणारा नळ दिसत नाही."

"अगा माय माय माय!" मामीजींनी पदर डोळ्यांना लावला.

निलेशही कमी नव्हता. दाराजवळून गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "मग भाऊ, तुम्ही शाळेत फळ्यावर कसं लिहिता?" याला मयुरीनं माझं सगळं सांगितलेलं! सगळं माहीत असून मला खड्ड्यात आणखी खोल उतरवत होता.

मी म्हटलं, "अंदाजानं."

"अन् पेपर कसे तपासता?"

"ते तर सगळेच मास्तर अंदाजानं तपासतात."

मला वाटलं, जमलं. चांगलं उत्तर दिलं. आणि नेमकी तेव्हाच मयुरी भज्यांचं ताट घेऊन बाहेर आली. हिरवी साडी, केसांत गजरा, मान खाली. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

मामीजींनी तिला जवळ बसवलं. तिच्या हनुवटीला हात लावून डोळ्यांत निरखून पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, पण दबका आवाज आमच्याकडे शेजारच्या घरापर्यंत जातो, "पोरगी सोन्यासारखी हाये जी. पण भावाचं असं. घराण्यात असन तं? उद्या हिच्या लेकराले आलं तं?"

माझ्या डोक्यात हे शिरलंच नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही मामीजी, मी जन्मापासून असा नाही. मी लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलो."

"आता तुही बायको म्हणे, लगीन झाल्यापासून," मामाजी म्हणाले.

"लग्नानंतर परत पडलो."

कोणीच हसलं नाही. निलेशसुद्धा हसायचा थांबला. मामीजींनी पदर सावरला, पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरं तं. आमी घरी जाऊन इचार करून कळवतो."

घरी जाऊन विचार करून कळवतो! सोयरिकीत याचा अर्थ काय, हे मला सांगावं लागणार नाही. मयुरीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. डोळे भरले होते तिचे. खरं सांगतो, आजवर इतकी विमानं पाडली, पण स्वतःच्या घरावर एकही पाडलं नव्हतं. एका धोतराची माफी मागायची लाज वाटली म्हणून मी बहिणीचं लग्न मोडायला निघालो होतो. आणि तो म्हातारा तर माझ्याशी इतका मायेनं वागला होता!

ठरवलं, बास. आत्ता सगळं सांगून टाकायचं. मी डोळे छतावरून खाली आणले, घसा खाकरला.

तेवढ्यात मामाजींनी मयुरीच्या हातातलं ताट घेऊन माझ्यासमोर धरलं. "घे बाबू. आधी दोन घास खाय, मंग बोल."

आता सवय ही सवय. डोकं कबुलीच्या तयारीत, आणि हात? हात गेला ताटात. वरची दोन भजी बाजूला सारून खाली दडलेलं, कुरकुरीत, ताटातलं सगळ्यात मोठं भजं त्यानं अचूक उचललं.

मामाजी एकदा भज्याकडे पाहतात, एकदा माझ्याकडे.

"काऊन रे बाबू," ते सावकाश म्हणाले, "सिलिंडर नाई दिसत, नळ नाई दिसत. भजा बराबर दिसते तुले?"

मी भजं तोंडात न घालता खाली ठेवलं. यावरून तुम्ही माझी अवस्था समजा. मग मामाजींचे पाय धरले आणि एका दमात सगळं ओकलो. विमान, विक्की, मार्कर, लोड, फट, सगळं. "मामाजी, मला चांगलं दिसतं. आमच्या सात पिढ्यांत कोणाला चष्मासुद्धा नाही. मयुरीचा यात काही दोष नाही. गाढव मी आहे, फक्त मीच आहे."

मामाजींनी तो काळा डबा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "लाव मले."

मी लावून दिला. दांडा हातात धरून अंदाजानंच विमान बिरसीवरून उडवून अर्जुनीच्या दिशेनं नेलं. मामाजींनी दिवाणाची कड घट्ट धरली. जरा वेळानं त्यांची मान खाली झुकली. "थांबव! थांबव जी! तो निळा दिसते तो तलाव नोहोय का? आमच्या आज्यानं बांधलेला तलाव!" आणि बोटानं आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवत मामीजींना ओरडून सांगू लागले, "पाह्य ना व! पाय पसरून कसा झोपला हाये!"

"मले काई दिसून नाई राहिलं," मामीजी म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मग मयुरीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरीत काई खोट नाई जी. घरात येडा हाये, पण एकच हाये. चालते."

"एक तं आपल्याबी घरी हाये," मामाजी डब्यातूनच बोलले. "करा पक्कं!"

सुषमानं साखर आणली. मयुरीनं डोळे पुसले. मी नि:श्वास सोडला आणि ते मोठं भजं पुन्हा उचलायला हात पुढे केला, तर मामाजींनी डबा काढून माझा हात अडवला.

"एक काम राह्यलं. लग्नात नवरदेवाचा कान पिळाचा मान नवरीच्या भावाचा. होय का नाई?"

"होय जी," मी म्हटलं.

"पण या भावाचा काय भरोसा? हा त्या दिवशी भटजीचाच कान धरन! निलेश, इकडं ये. कान कुठं राह्यते अन् कसा पिळाचा, ते याले आजच दाखवून दे."

निलेशनं बाह्या सरसावल्या. काय सांगू तुम्हाला, औषधाच्या बाटल्यांची झाकणं उघडून उघडून त्या पोराच्या बोटांत काय ताकद आलेली आहे! मी कळवळून मयुरीकडे पाहिलं. म्हटलं, बहीण आहे, रक्ताची आहे, सोडवेल.

मयुरी ताट घेऊन आत निघाली होती. दारातच थांबली, वळली आणि होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "एकच कान काऊन? दुसरा बी आहे ना त्याला!"