परातीत उगवलेली जाळी

भिलाईत तेव्हा कारखान्याच्या चिमण्या आधी उभ्या राहत आणि रस्ते मागून येत. आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर नवं होतं. मागच्या चिखलात परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या कुजत पडल्या होत्या. त्या पावसाळ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, नागपूरहून आम्हाला परत न्यायला आले. जन्म रेल्वेत गेलेला माणूस. अर्धवट बांधलेल्या कारखान्यातली नोकरी त्यांना खरी वाटेना. मुलासाठी त्यांनी रेल्वेत जागा पाहून ठेवली होती, आणि मुलगा वडिलांपुढे नुसती मान हलवी. माझ्या वाट्याला अकरा माणसांच्या घरातला चुलीजवळचा एक कोपरा येणार होता. मला विचारलं कोणीच नव्हतं.

निदान जेवणाने त्यांचं मन वळेल म्हणून मी पुटू करायचं ठरवलं. जंगलातली ही गोल अळंबी पावर हाउस भागातल्या बाजारात बाया टोपलीतून आणत. आमच्या फळ्यांखाली तसेच पांढरे गोळे निघाले होते, कोंबडीच्या अंड्याएवढे. जंगलात सालवृक्षाखाली उगवणारी वस्तू खोक्याच्या लाकडाखाली कशी, हे मनात आलं नाही. आम्हा विदर्भातल्या लोकांना इथलं जंगल टोपलीत असेल तेवढंच माहीत. आठ गोळे परातीत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले.

पहाटे वासाने जाग आली. मामाजी आधीच स्वयंपाकघरात पाटावर बसले होते.

"सूनबाई, उंदीर मेला का वं कुठं?"

फडकं मधेच तंबूसारखं वर आलं होतं. मी ते काढलं. हे पुटू नव्हेच, दुसरीच कुठली अळंबी; सात अंडी फुटली होती आणि त्यांतून जे उभं राहत होतं, त्याचा आकार सुनेने सासऱ्यांच्या समोर पाहावा असा नव्हता. मी चुलीकडे पाहिलं, मामाजींनी छताकडे. वर टोपी, तिच्यावर काळपट हिरवा चिकटा, आणि मेलेल्या जनावराचा वास.

मग टोपीखालून एक पांढरी जाळी उतरू लागली. अगदी हळू, पण डोळ्यांना दिसेल अशी. घेरदार, नाजूक, कुणी क्रोशाने विणल्यासारखी. आकार झाकला, आम्हा दोघांची तेवढी सोय झाली; आता पाहता येत होतं. त्या आठवड्यात कारखान्यात कुणी मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून रस्त्याकडेच्या दगडांनाही चुना लागला होता. इथे फीत नाही, भाषण नाही, आणि पाहुणे म्हणून माश्या. त्या चिकटा खात आणि बी पायाला लावून निघून जात, हे मी पुढे वाचलं. तेव्हा खोलीतला उजेड दुधासारखा होता.

नाइट ड्यूटीवरून नवरा आला, दारातच नाक धरून थांबला.

"फेकून दे ना वं ते."

"राहू दे," मामाजी म्हणाले. "पाहून राहिलो ना मी." मग माझ्याकडे वळून, "एवढ्या घाणीतबी तुले इथंच राहाचं आहे काय?"

"हो, मामाजी."

नवऱ्याने नाकावरचा हात काढला.

"मग कावून नाही सांगितलं?" मामाजी म्हणाले.

"कोणी विचारलं नाही."

मामाजींनी पाट परातीजवळ ओढला.

"रेल्वेची जागा पुतण्याले सांगतो मग," ते म्हणाले आणि न फुटलेलं आठवं अंडं बोटाने जरा उजेडाकडे सरकवलं. तेही उमलताना पाहायचं म्हणून दुपारची नागपूरची गाडी त्यांनी जाऊ दिली.