बहिणीची आमरसाची वाटी

धाकटी बहीण वाटीवर हात आडवा धरत होती, तरी वहिनीने बोटांच्या फटीतून आमरस वाढलाच. माझ्यापाशी आल्यावर मात्र ती पातेलं घेऊन तशीच पुढे सरकली. "ताई, तुम्हाला शुगर आहे ना," एवढंच हळूच म्हणाली.

आम्ही दोघी एकाच आईबापाच्या. आईला गोडाची हौस होती आणि ते तिला पचतही असे. वडिलांना गोड आवडत नसे, सोसतही नसे. आईची हौस आणि वडिलांचं रक्त, दोन्ही नेमकं माझ्याच वाट्याला आलं. बहिणीला आईचं पचन मिळालं आणि वडिलांची नावड. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एकटं जनुक फारसं काही करत नाही. त्याला सोबत कोणाची मिळाली आणि त्यांचं आपसात कसं जमलं, त्यावर अंगाची ठेवण ठरते. आईच्या अंगात जी हौस सुखाने नांदली, तिला माझ्याकडे भलताच शेजार मिळाला.

बहिणीने दोन चमचे खाल्ले आणि भरलेली वाटी बाजूला सारली. "मला नाही गं जात इतकं गोड."

इतकी वर्षं मी तिच्या पचनाचा हेवा करत आले. त्या वाटीकडे बघताना तिच्या नावडीचा वाटला.