सूर्यचुलीतली फोडणी

"काढ ते डबे बाहेर," ग्रामसेवक म्हणाला. सकाळपासून उन्हात लावलेली माझी डाळ, माझा भात. मी सूर्यचुलीच्या पेटीची काच उचलली, काळे डबे फडक्यानं धरून भुईवर ठेवले. मग पाटलांचा सालदार पुढे आला. पाटलांच्या घरून शिजवून आणलेली डाळ त्यानं पेटीत ठेवली. भांडं तिरपं बसलं म्हणून मी हात पुढे केला.

"हात लावू नको," ग्रामसेवक ओरडला. "तालुक्याचे साहेब जेवणार आहेत. तू फक्त झाकण धरून उभी राहा."

माझं दार. माझी पेटी. आणि मी झाकण धरणारी.

पारोळ्याकडचं गाव. नाल्यापलीकडे आमची सरकारी घरकुलं, वीस. एकेक खोली, वर सिमेंटचे पत्रे. चैतापासूनच आत बसवत नसे. चूल कुठे मांडायची, हे बांधणाऱ्याला सुचलंच नव्हतं. धुरानं सासूचे डोळे अधू झालेले. सरपण म्हणजे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, आणि त्या पाटलांच्या शेतात. एक भारा हवा तर एक दिवस फुकट राबायचं. वर पाटलीण सुनवायची, "घरं फुकट मिळाली, आता सरपणही फुकट पाहिजे का?" मी मुकाट भारा उचलायची.

मग सरकारकडून ही सूर्यचूल आली. नमुना म्हणून एकच, आमच्या दारात. साहेबांना पसंत पडली तर वीसही घरांना मिळणार होती. महिनाभर मी तिच्यामागे वेडी झाले. ऊन सरकलं की पेटी फिरवायची, आरसा तिरपा करायचा. दुपारपर्यंत डाळ मऊ. त्या महिन्यात मी पाटलांच्या बांधावर पाय ठेवला नाही. असा महिना माझ्या जन्मात आला नव्हता.

साहेब आले. फोटो निघाला. "हस जरा," कोणीतरी म्हणालं, मी हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

साहेबांनी पाटलांच्या डाळीची वाटी तोंडाला लावली. वर लसूण-मिरचीची फोडणी तरंगत होती. "वा, फोडणी काय छान बसलीय. बघा उन्हाची कमाल," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अहो, त्या पेटीत डाळ शिजते, फोडणी बसत नाही. मोहरी तडतडेल इतकं तेल तिच्यात तापतच नाही. हे मला, अंगठाबहाद्दर बाईला ठाऊक होतं. पेटी आणणाऱ्या साहेबाला नव्हतं. माझं डोकं भणाणलं. सासूनं मागून पदर ओढला. "चूप ऱ्हाय व माय, बठ्ठं जाई." घरकुलासकट सगळं जाईल, ही तिची भीती.

मी झाकण सोडून दिलं. "साहेब, हाई दाय पाटीलना घरनी शे. आमनी दाय तठे भुईवर शे. ती खाई देखा."

आमची डाळ कोणी खाल्ली नाही. साहेबांनी वाटी ठेवली, रुमालानं तोंड पुसलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आठ दिवसांनी सरकारी माणसांनी पेटी नेली. मागोमाग ग्रामसेवक कागद घेऊन आला. सूर्यचुलीत अन्न शिजत नाही, म्हणून वस्तीला ती नको, असं त्यात लिहिलेलं. एकोणीस घरांनी अंगठे दिले. घर जाईल ही भीती. ती मला कळते, तरी राग येतो, आजही येतो. शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पाटलांनी भाऱ्यामागे एकाचे दोन दिवस केले. मी राबायला गेले. न जाऊन करते काय? घरात पीठ होतं, जाळायला काडी नव्हती.

"अंगठा दे, नाहीतर घर खाली कर," ग्रामसेवक म्हणाला.

"महिनाभर मी तिच्यात रांधलं. घर खाली करायला माणसं आणा," मी म्हणाले.

त्या कागदावर माझी जागा कोरी राहिली. अजून कोरी आहे. पत्र्याखाली भाजून निघेन, दोनाचे चार दिवस राबेन. पण माझ्या हातानं शिजलं ते शिजलंच नाही, असं ह्या अंगठ्याकडून कोणी वदवून घेणार नाही.