माळवदावरचे बांगडे
खारवलेल्या बांगड्याचा वास आला की मला सोलापुरातलं, शुक्रवार पेठेतलं सासर आठवतं. सत्तर-बहात्तर साल असेल. कोकणात त्या वर्षी बांगडा इतका लागला की लोक माडांना खत म्हणून घालताहेत, असं वडिलांनी पत्रात लिहिलं होतं. त्यातलाच थोडा बर्फात घालून सोलापूरपर्यंत आला आणि नवऱ्याने गिरणीतून येताना माझ्यासाठी डझनभर आणला. लग्नानंतर पहिल्यांदाच ताजा बांगडा बघत होते. धावत जाऊन नारळ घेऊन आले, तर टोपली रिकामी! सासूबाई माळवदावरून हात पुसत उतरत होत्या. त्यांनी जन्मभर सुकाच मासा बघितलेला. बांगडे चिरून, मीठ चोळून त्यांनी उन्हात पसरले होते. "वल्लं नासतंय की गं. आता वरीसभर पुरंल तुला," त्या म्हणाल्या. त्यांचा खुललेला चेहरा बघून मी नारळ कोनाड्यात ठेवला. पुढे वर्षभर त्यांनी स्वतः एक तुकडा खाल्ला नाही. "तुज्या म्हायेरचं हाय," म्हणत माझ्याच ताटात वाढत राहिल्या. आता बांगडा बारीक झालाय, पण बर्फातला रोज मिळतो. चार आणले की दोन मी अजून उन्हात टाकते.