हातभर उजेड

वस्तीवर तिला सगळे पंचनामेबाई म्हणत. हे नाव कुणी पाडलं, याचाही तिने कसून तपास केला होता. संशय धाकट्या जावेवर होता. पुरावा मिळाला नव्हता.

डांबरी रस्ता संपला की कच्ची वाट लागायची आणि तीही दमली की वस्ती. सगळ्यांत मिळून नळ एक, तोही दिवसाआड यायचा. आपली कळशी भरली तरी पंचनामेबाई नळापाशीच थांबायची, कोण किती नेतं ते बघायला. वीज आली होती, पण शेवटच्या खांबापर्यंत पोचेपर्यंत तिच्यात जीव उरत नसे.

घर दोघा भावांचं. भाऊ भांडले आणि मग दोघांनी मिळूनच, एकमेकांना विटा देत, मधोमध भिंत घातली. छप्पर हातभर राहिलं असताना विटा संपल्या. तेवढ्यात रस्त्याच्या कामावर बोलावणं आलं आणि भांडलेले भाऊ एकाच ट्रकमध्ये बसून निघून गेले. मागे राहिल्या दोघी जावा आणि अर्धवट भिंत. मीटर थोरलीच्या, म्हणजे पंचनामेबाईच्या वाट्याला आला. भिंतीवरच्या फटीतून फोडणीचा वास, खोकला, भांड्यांचा आवाज असं सगळं इकडून तिकडे जायचं. बोलणं तेवढं बंद होतं.

आणि एक दिवस धाकटी आपण होऊन दारात उभी राहिली.

"जाऊबाई, भिंत वरपर्यंत घेऊ या. विटा मी आणते, गवंड्यालाही मीच सांगते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"कशाला गं?"

"हवी आहे."

"बघू," पंचनामेबाई म्हणाली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या पदरचं घालून कुणी उगाच भिंत बांधत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग ती डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागली. धाकटी दिवसभर मजुरीला जायची आणि बाजारगावच्या शिंप्याचे कपडे आणून काजं-बटणं करून द्यायची. म्हणजे हे काम होणार दिवेलागणीनंतर. पण तिच्याकडे बल्ब नाही. रॉकेल मिळेनासं झालेलं, त्यामुळे चिमणीचा वासही येत नव्हता. तरी गठ्ठा वेळेवर शिंप्याकडे जायचा. अंधारात काजं कोण करतं? पंचनामेबाईच्या लेखी प्रकरण उघड होतं. बयेने आपल्या मीटरवरून चोरून तार ओढली आहे, म्हणून आपला बल्ब मिणमिणतो. आणि तार झाकायला आता तिला भिंत हवी आहे.

तिने वायरमनला बोलावलं. त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, "चोरी नाही, काकू. शेवटच्या खांबावर असंच असतं." पण निघताना तो धाकटीकडे पाणी प्यायला होता, तेव्हा त्याची साक्ष बाद झाली.

मग स्वतःच बघायचं ठरलं. एका संध्याकाळी जेवण उरकताच तिने धान्याची कोठी भिंतीला लावली, पदर खोचला, वर चढली आणि फटीत डोकं घातलं. वीतभर अंतरावर धाकटीचं तोंड होतं. ट्रंकेवर ट्रंक ठेवून ती वर चढून बसली होती, मान छपराखाली वाकवून. मांडीवर कुणाचा तरी सदरा. आजूबाजूला ना तार, ना दिवा.

"जाऊबाई," धाकटी हातातली सुई तशीच धरून म्हणाली, "जरा बाजूला व्हा. सावली पडतेय."

पंचनामेबाई बाजूला झाली. तिच्याच बल्बच्या उजेडाची पट्टी फटीतून पलीकडे गेली आणि काजावर पडली. चोर सापडला होता, मालही आपलाच होता, फक्त काही गेलं नव्हतं. तिला आधी राग आला आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली.

"मग भिंत कशाला हवी तुला? हाही उजेड जाईल."

"भिंत वर टेकल्याशिवाय ऑफिसवाले दुसरा मीटर देत नाहीत. एकच घर आहे म्हणतात."

"आणि मीटर येईपर्यंत?"

"तोवर शिंपी दुसरी कुणी बघेल," धाकटी म्हणाली आणि टाका ओढला.

गवंडी आला. पंचनामेबाई त्याच्या डोक्यावर उभी राहून सिमेंटवर नजर ठेवत होती. भिंत छपराला टेकली. फक्त बल्बसमोरची एक वीट तिने बसवू दिली नाही. ऑफिसचा माणूस पाहणीला आला आणि त्याने विचारलं, "हे भोक कसलं?"

"हवेला," ती अशा काही सुरात म्हणाली की त्याने पुढे विचारलं नाही.

मीटर यायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. आता ती वीट बसवू का, असं गवंड्याने विचारलं.

"राहू दे. पलीकडे काय चालतं ते कळायला नको?"

पुढे एका संध्याकाळी तांदूळ निवडताना पंचनामेबाईचा बल्ब फट्‌ करून गेला. यातही धाकटीचा हात असणार, असं तिच्या मनात येऊन गेलंच. मग दिसलं, भोकातून आलेली उजेडाची पट्टी समोर जमिनीवर पडली होती. ताट घेऊन ती पट्टीत सरकली. दोन खडे निघाले असतील, तोच पुन्हा अंधार झाला.

"जाऊबाई, बल्ब गेला का?" भोकातून धाकटीचा आवाज आला.

"गेला. तू आधी बाजूला हो," पंचनामेबाई म्हणाली. "सावली पडतेय."