फॅमिली सेक्शनसाठी एक आप्पा

माझे दोन आजोबा मला जन्माने मिळाले आणि तिसरे तळ्याकाठच्या एका बारच्या फाटकाशी. पहिले दोघे मी शाळेत असतानाच गेले. तिसरे आहेत, आणि त्यांचं येणंजाणंही आहे.

याला माझा स्वभाव जबाबदार आहे. मला 'नाही' म्हणायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी मनात वाक्य जुळवायचं, मग ते समोरच्याला लागेल का ते बघायचं, मग घसा साफ करायचा. तोवर गोष्ट घडून गेलेली असते. (अकरावीत मी अशीच कबड्डीच्या संघात होते. माझं 'नाही' तयार झालं तेव्हा बक्षीस समारंभ चालू होता.) पप्पांनी मला हौसेने इंग्रजी शाळेत घातलं. त्याचा उपयोग काय झाला, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "पोरीला आता दोन्ही भाषांत गप्प बसता येतं."

तर अशा मला पुण्यात एका ऑफिसात नोकरी लागली. म्हणजे लागत होती, राहायची सोय झाली असती तर. मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म आणून मी टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली ठेवला होता. त्यावर पप्पांची सही हवी होती, आणि 'स्थानिक पालक' नावाचा एक रकाना भरायचा होता. पुण्यात आमचे तीन नातेवाईक आणि तिघांशीही पप्पांचं बोलणं बंद. फॉर्म सोमवारी पोचायला हवा होता. शुक्रवारपर्यंत पप्पा "बघू" म्हणत होते, आणि "बघू" म्हणजे आमच्या घरातला सभ्य नकार.

शनिवारी मी शिरूरहून दौंडला मैत्रिणीकडे, शबानाकडे, जाऊ का विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "जा. सहाच्या आत घरी. दौंडला जाऊन वेळेत येता येतं का बघू, मग पुण्याचं बोलू."

म्हणजे परीक्षाच होती. आणि पेपर सोपा होता.

शाळेच्या वर्षांत मी दौंडला मावशीकडे राहायचे. शबाना आणि वर्षा या तेव्हाच्या मैत्रिणी, दोघींची घरं रेल्वे क्वार्टर्समध्ये. मी शबानाकडे जाते असं घरी सांगितलं होतं आणि ते साडेदहापर्यंत अगदी खरं होतं. साडेदहाला शबाना म्हणाली, "घरात बसून काय करायचं? चल, बोटिंगला."

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळलं तेव्हा आम्ही वडापच्या जीपमधून सोलापूर रोडला तळ्याकाठी उतरलो होतो, आणि समोर पाटी होती : 'हॉटेल सागर किनारा. परमिट रूम. बोटिंग. फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय.'

"शबाना, हा बार आहे," मी म्हणाले.

"आपण फॅमिलीत बसायचं ना. बार तिकडे आहे."

'तिकडे' म्हणजे डाव्या हाताचा व्हरांडा. तिथे बसलेल्या मंडळींनी आम्हाला पाहून खुर्च्या थोड्या फिरवल्या. मी माझ्या चपला बघू लागले. फाटकाशी मॅनेजर उभा होता.

"किती जण?"

"तिघी," वर्षा म्हणाली. वर्षाला 'नाही' म्हणायला वेळ लागत नाही, 'हो' म्हणायला तर त्याहून कमी.

"आन् फॅमिली?"

"आम्हीच फॅमिली."

"तसं न्हाई ताई. जेंट्स कोन हाय बरोबर?"

"कोणी नाही."

"मग फॅमिली कशी व्हईल? तिघी म्हंजी नुसत्या लेडीज झाल्या."

"मग बाहेर बसतो, बारच्या बाजूला."

"तिकडं लेडीज चालत न्हाईत."

"निदान बोट तरी?"

"बोट फॅमिलीलाच."

मला फार बरं वाटलं. माझं 'नाही' मॅनेजरने म्हटलं होतं, तेही मोफत. मी परत रस्त्याकडे वळले. पण वर्षा फाटकाबाहेरच्या चिंचेखाली बघत होती. तिथे लाल मुंडासं बांधलेले, खांद्यावर घोंगडी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते.

वर्षा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, जेवलात का?"

"का गं?"

"आमच्याबरोबर जेवायला येता? आम्हाला फॅमिली पाहिजे."

आप्पांनी जरा विचार केला. "किती येळ?"

"अर्धा तास. जेवायचं आणि बोटीत एक चक्कर."

"तीनची यष्टी हाय माझी," आप्पा म्हणाले, आणि धोतर झटकून उठलेच. फाटकाशी येऊन मॅनेजरला म्हणाले, "नाती हायत माझ्या. उघड."

"आप्पा, तुम्ही आत्ता किचनला बोकड घालाया आला व्हता."

"बोकड बी माझंच व्हतं."

मॅनेजरने एकदा किचनकडे पाहिलं. त्याने फाटक उघडलं.

फॅमिली सेक्शन म्हणजे प्लायवुडची चार खोकी आणि प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. आम्ही पिठलं, भाकरी आणि लिंबू सोडा मागवला. वेटरने आप्पांना हळूच विचारलं, "तुम्हाला काय आनू?" आप्पा म्हणाले, "पानी," आणि आमच्याकडे वळले. आमच्या भागात एक रीत आहे : एका ताटाशी बसलं की माणूस कुणाचं, कुठलं, हे विचारल्याशिवाय घास उतरत नाही. शहरातला कोणी असता तर भाकरी खाऊन गेला असता. आम्ही मात्र शिरूर तालुक्यातला म्हातारा उचलून आणला होता.

"तू कुनाची?" माझी पाळी आली.

मी खोटं आडनाव शोधू लागले. तेवढ्यात शबाना म्हणाली, "हिच्या पप्पांचं शिरूरला खताचं दुकान आहे. स्टँडमागे."

"पिंपळापशी?" आप्पांनी भाकरी खाली ठेवली. "आरं, त्येंच्याकडनंच तर बी नेतो आमी. वडगाव रासाईचा मी. शेठ वळखत्यात मला."

मी पडद्यावरची फुलं मोजू लागले.

"घरी सांगून आलाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"हो तर," वर्षा म्हणाली. "दौंडला जातो म्हणून सांगितलंय."

"हे दौंड न्हाई."

"तालुका तोच आहे, आप्पा."

आप्पा हसले. पण मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. घरात वडीलधारी माणसं असंच बघतात. वर्षाच्या अर्ध्या तासाचं बोलणं ते बहुधा तिथेच विसरले.

बोट म्हणजे पायडलचा एक पांढरा हंस होता. पुढे दोघं, मागे दोघं. मी मागे बसते असं म्हणणार होते, पण शबाना-वर्षा आधीच मागे बसल्या होत्या. पुढे मी आणि आप्पा.

"आप्पा, भीती नाही ना वाटत?" वर्षाने विचारलं.

"मेंढरं घिऊन भीमा उतरलोय गळ्याएवढ्या पान्यातनं. ह्ये तर कोंबडं हाय," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पायडलवर पाय ठेवले.

चाळीस वर्षं चाललेले पाय ते. हंस असा सुटला की काठावरची बदकं उडाली. तळ्याच्या बरोबर मध्ये आल्यावर कर्र असा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. आप्पांच्या धोतराचा सोगा पायडलच्या दांड्याभोवती सात-आठ वेढे घेऊन बसला होता. पाय पुढे जाईना, मागे येईना.

व्हरांड्यातल्या मंडळींना कळायला वेळ लागला नाही. ते ग्लास घेऊन कठड्याशी आले.

"आप्पा, रिव्हर्स घ्या."

"हंसाला चारा टाका, चारा."

"ताई, तुम्ही उतरून धक्का मारा."

आप्पांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "कापाया काय हाय का कुनाकडं?"

माझ्या पर्समध्ये नेलकटर होतं. (आमच्या इंग्रजी शाळेत दर सोमवारी नखं तपासायचे. तिथलं इंग्रजी पुष्कळसं गेलं, पण नेलकटर राहिलं.) मी वाकून आप्पांचं धोतर कापायला लागले. एका वेळी गव्हाच्या दाण्याएवढं कापलं जाई. कापड हात-दीड हात रुंद, जाड सुती, शिवाय ओलं.

"सावकाश," आप्पा म्हणाले. "घाई न्हाई."

घाई होती. मी अर्ध्यावर असताना तळ्यापलीकडच्या रस्त्यावरून शिरूरची तीनची एसटी गेली, आप्पांची आणि माझीही. आम्ही चौघांनी ती पाहिली.

"गेली," आप्पा म्हणाले. एवढंच.

तिच्यानंतरची साडेपाचला. म्हणजे शिरूरला सात. म्हणजे 'बघू' संपलं, फॉर्म संपला, पुणं संपलं. माझे डोळे भरून आले. पण मान खाली, हात कामात आणि समोर कोणाचा चेहरा नाही, अशा वेळी मला बोलता येतं असा शोध मला त्या दिवशी लागला. मी आप्पांच्या गुडघ्याला सगळं सांगितलं : नोकरी, होस्टेल, टीव्हीवरचा रुमाल, सहा वाजता घरी पोचायचं. गुडघा ऐकत होता. शेवटी वरून "हं" एवढाच आवाज आला.

धोतर सुटलं तेव्हा चार वाजून गेले होते. आप्पांच्या डाव्या गुडघ्यापाशी आता झालर होती. व्हरांड्यातून टाळ्या वाजल्या.

शबाना आणि वर्षा दौंडच्या जीपमध्ये बसल्या. जाताना शबाना कानात म्हणाली, "बस पंक्चर झाली म्हणून सांग." मी आणि आप्पा जवळच्याच चौफुल्याच्या थांब्यावरून शिरूरच्या एसटीत चढलो. वडगावला जायला आप्पांना न्हावऱ्याला उतरायचं होतं.

"आप्पा, न्हावरा आलं."

"यिऊ दे."

"तुम्हाला उतरायचंय ना?"

"दीस मावळाया लागलाय. घरी सोडतो तुला."

मी न्हावऱ्याला 'नको' जुळवायला घेतलं. शिरूर स्टँडला ते पूर्ण झालं.

पप्पा ओट्यावरच उभे होते, मनगटावरचं घड्याळ बघत. मागे दारात आई. पप्पांनी तोंड उघडलं आणि माझ्यामागे लाल मुंडासं दिसताच थांबले.

"आप्पा? तुम्ही इकडं कुठं?"

"रामराम शेठ. यष्टी लेट व्हती. पोरगी गाडीत दिसली, म्हनलं सोडून जावं."

दोन वाक्यांत आप्पांनी मला वाचवलं. मी आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ऐकलं नव्हतं. पप्पांचा चेहरा सैल झाला. "बसा, बसा," म्हणाले. आईने चहा टाकला. टीव्हीवरचा रुमाल मला इथूनच दिसत होता. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

पप्पा सहज म्हणाले, "आप्पा, धोतराला काय झालं?"

"बाभळीत अडकलं ज..."

"मी कापलं," मी म्हणाले. "नेलकटरने."

माझ्या आयुष्यातलं वेळेच्या आत दिलेलं ते पहिलं उत्तर.

"नेलकटरनं?" पप्पा म्हणाले. "का?"

"पायडलमध्ये अडकलं होतं."

"कसलं पायडल?"

"हंसाचं."

आई बशी घेऊन खाली बसली. "कुठला हंस?"

"बारचा."

आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. मग म्हणाले, "शेठ, चाळीस वरसं मेंढरं राखली. पळनारं मेंढरू कवा मागं वळून बगत न्हाई. ही पोरगी दिसभर मागंच बगत व्हती."

"पण खोटं बोलून गेली ना."

"तेवढंच एक. आन् त्ये बी टिकवाया आलं न्हाई तिला. मी इतकं चांगलं जमवत व्हतो, त्ये बी मोडलं." आप्पांनी माझ्याकडे खरोखरच रागाने पाहिलं. "असल्या पोरीला कुठं बी पाठवा. काय केलं तर दारात पाय टाकायच्या आदी सांगून मोकळी व्हईल."

पप्पांनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. मला वाटलं रागाने. पण आई हसायला लागली तेव्हा कळलं.

"पण पुण्यात हिच्याकडं बघायला कोण आहे आप्पा?" पप्पांनी विचारलं.

"माझा थोरला हडपसरला हाय, भाजी मार्केटात. म्हैन्याला जातोच मी."

पप्पांनी रुमालाखालचा फॉर्म स्वतः काढला. सही केली. 'स्थानिक पालक'मध्ये आप्पांचं नाव आणि त्यांच्या थोरल्याचा पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता 'नातं'. तिथे पेन थांबलं.

"इथं काय लिहू?"

"आजा लिवा," आप्पा म्हणाले. "हाटेलात बी तेच सांगितलंय."

आईने ट्रंकेतून माझ्या आजोबांचं घडी न मोडलेलं धोतर काढून त्यांना दिलं. त्यांनी ते नेसलं, रात्री जेवून झोपले आणि सकाळच्या गाडीने वडगावला गेले.

याला आता तीन वर्षं झाली. आप्पा महिन्याच्या पहिल्या रविवारी होस्टेलला येतात. वॉर्डनच्या टेबलासमोर घोंगडी टाकून बसतात, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देतात, "नखं कापतीस न्हवं?" विचारतात, आणि मी कुणाबरोबर कुठे जाते याची माझ्यासमोरच चौकशी करतात. मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला जायचं ठरलं की आधी त्यांना कळवावं लागतं. मागच्या वेळी तर म्हणाले, "मी बी येतो. बोट हाय का तितं?"

'सागर किनारा'च्या धक्क्यावर पाटी होती, बोट अर्ध्या तासात परत करावी. आप्पांबद्दल कुठे काही लिहिलं नव्हतं. खरं तर वर्षाने त्यांनाही अर्धा तासच सांगितला होता, आणि याची त्यांना एकदा आठवण करून द्यावी म्हणून मी वाक्य जुळवते आहे. माझा वेग पाहता आप्पांनी काळजी करू नये.